खंडूभाऊंची दोन टिंबं

खंडूभाऊंना तुम्ही आपलं नाव सांगितलंत, तर ते आधी बोटांवर अक्षरं मोजतात आणि मग नमस्कार करतात. मोजणी इंग्रजी स्पेलिंगची. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत जातो, ओठ हलतात आणि समोरचा माणूस जोडलेले हात कुठं ठेवावेत या विचारात उभा राहतो. नाव चार अक्षरांपेक्षा कमी निघालं तर खंडूभाऊंचा चेहरा पडतो. सोळाच्या वर गेलं तर ते डोळे मिटून घेतात, जणू कुणी काठोकाठ भरलेल्या क्रेटमध्ये आणखी टोमॅटो कोंबतंय. मग निकाल येतो. "बसतंय" किंवा "बसत नाय." तिसरा शेरा मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

नारायणगावच्या हायवेलगत आमच्या शेतकरी गटाची शेड आहे. माल उतरतो, निवडला जातो, गाड्या भरून जातात. शेडच्या कोपऱ्यात पत्र्याची एक केबिन आहे आणि केबिनमध्ये खंडूभाऊ आहेत. अवसरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेले, वय पस्तिशीच्या आसपास, लग्न नाही. गटाचं ॲप त्यांनी एकट्यानं बनवलं. माल आणणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शेतकरी असो की पिकअपचा ड्रायव्हर, त्यावर आपलं एक नाव नोंदवून नंबर लावावा लागतो. ते नाव कसं असावं आणि कसं नसावं, हे ठरवणारी एक ओळ खंडूभाऊंनी लिहिली आहे. इंजिनिअर मंडळी तिला रेग्युलर एक्सप्रेशन म्हणतात, खंडूभाऊ 'नियम' म्हणतात. त्या ओळीत वाचता येईल असा शब्द जवळपास नाहीच, नुसती चिन्हं. सुरुवातीला टोपीसारखं एक चिन्ह, मधे कंसांची दाटी, शेवटी डॉलर.

ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हणाले, आधी टोपी आणि शेवटी डॉलर, हा तर आपल्याकडचा कुठलाही पुढारी झाला. खंडूभाऊ हसले नाहीत. "टोपी म्हंजी हितनं सुरवात," ते म्हणाले. "डॉलर म्हंजी हितं खतम. मधी सांगितलंय तेवढंच. आगाऊ काय नाय."

हा नियम ॲपपुरता राहिला असता तर मी हे लिहीत बसले नसते. खंडूभाऊ तो सगळ्या जगाला लावतात. त्यांच्याबरोबर वडापच्या जीपनं जुन्नरला जाणं ही शिक्षा आहे. समोरच्या टेम्पोवर 'आईवडिलांचा आशीर्वाद' दिसलं की बोटं सुरू. सोळाच्या वर गेलं, मधे जागा सोडली आहे, बसत नाय. आळेफाट्याच्या एका हॉटेलात ते चहा पीत नाहीत, कारण पाटीवरचं नाव आकड्यानं सुरू होतं. आकडा मधे चालतो, शेवटी चालतो, पण सुरुवातीला अक्षरच हवं, असं त्यांचं म्हणणं. "माणूस पयला, नंबर नंतर," हे वाक्य ते इतक्या ठामपणे म्हणतात की मला ते एखाद्या पत्रकाच्या डोक्यावर छापावंसं वाटतं. शेजारच्या बारशाला पाळण्यापाशी जाऊन त्यांनी बाळाच्या आत्याला स्पेलिंग विचारलं, मोजलं, आणि "बसतंय" म्हणून सर्वांच्या आधी घुगऱ्या मागितल्या.

एकदा ते मुलगी बघायला गेले होते. मुलीचं नाव ओवी. इंग्रजीत तीनच अक्षरं. पोहे खाऊन झाल्यावर त्यांनी मुलीच्या वडिलांना अत्यंत अदबीनं विचारलं की नाव जरा वाढवता येईल का. लग्नानंतर बायकोचं नाव बदलणारे नवरे त्या बापानं पाहिले होते. लग्नाआधी नाव आखूड पडतंय म्हणणारा हा पहिलाच. मुलीकडची मंडळी उठली ती उठलीच. बायकांची नावं बदलण्याच्या या दळभद्री प्रथेवर मी एक पत्रक लिहिलेलं आहे. त्यात हे उदाहरण घ्यायचं राहून गेलं, याची मला अजून चुटपुट आहे.

आमचं दोघांचं भांडणही नावावरूनच सुरू झालं. माझ्या आईचं नाव उमा. एक एकर टोमॅटो ती स्वतः करते. ॲपवर तिनं नाव टाकलं तर लाल अक्षरांत उत्तर आलं, 'हे नाव चालणार नाही.' ती केबिनमध्ये गेली. खंडूभाऊंनी मोजलं, चेहरा पाडला आणि सुचवलं, मावशी, पुढं गावाचं नाव जोडा. आईनं 'साकोरी' जोडलं, माल उतरवला आणि घरी येऊन भाकरी टाकल्या. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी मात्र पेटले.

आमच्या घरात इतरांकडे दिनदर्शिका असावी तशी पत्रकं असत. वडील कामगारांची पत्रकं लिहायचे आणि उरलेल्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. त्या रात्री जेवायच्या आधीच माझं पत्रक तयार होतं. 'नाव आमचं, मोजमाप कुणाचं?' ज्या बाईला तिच्या आईबापांनी दोन अक्षरांत ओळखलं, तिला एका यंत्रानं चालणार नाही म्हणावं, हा अधिकार त्याला दिला कुणी, असा सवाल होता. सकाळी मी ते शेडच्या फाटकावर चिकटवलं.

दुपारी खंडूभाऊ आमच्या अंगणात हजर. हातात पत्रक.

"ताई, लई झ्याक लिवलंय," ते म्हणाले. "फक्त मथळा सोळाच्या वर गेला."

मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढं सांगितलं की विरोध जरूर करा, पण नियम वाचून करा. त्यांच्या मते नियमाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात, पण टोपीपासून डॉलरपर्यंत वाचलेला एकही नाही. हे मला झोंबलं. न वाचता विरोध करणाऱ्यांवर मी स्वतः पूर्वी टीका केलेली होती. त्यामुळं रोज संध्याकाळी तासभर केबिनमध्ये जाऊन मी शत्रूची भाषा शिकू लागले.

शिकवण्यात मात्र ते मोठे गोड. चौकोनी कंसात लिहिलं असेल त्यातलंच अक्षर चालतं. महिरपी कंसात किती अक्षरं हवीत तो आकडा. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. नुसतं टिंब म्हणजे कुठलंही एक अक्षर, आकडा, काहीही. टिंब म्हणजे खरोखर टिंबच हवं असेल, तर त्याच्या आधी एक तिरकी रेघ मारायची. ही तिरकी रेघ विसरणाऱ्याला खंडूभाऊ माणसात धरत नसत.

"आमी धनगराची पोरं," ते एकदा म्हणाले. "मेंढरं सांजच्याला वाघुरीत घ्यायची, म्हंजी जाळीच्या कोंडाळ्यात. समदी येकदम लोटत नसत्यात. येक फट ठिवायची. येकेक म्होरं घ्यायचं, पाठीवरची खूण बगायची, मग आत. नियम म्हंजी ती फट वो ताई."

मी म्हणायचे, मग फट थोडी रुंद करा, चाराची तीन करा. ते म्हणायचे, आज तीन, उद्या दोन, मग फट राहिली कुठं. यापुढं आमची चर्चा कधी गेली नाही.

हे चालू असतानाच मी एक घंटा ऐकली.

केबिनच्या टेबलावर एक जुना फोन कायम चार्जिंगला लावलेला असे. त्यावरून कुणी बोलत नसे. मागं खिळ्याला मेंढ्याच्या गळ्यातली एक पितळी घंटा टांगलेली. त्या दिवशी फोनमधून नेमका त्या घंटेचा आवाज आला आणि मला टिंब समजावून सांगणारे खंडूभाऊ अर्ध्या वाक्यावर उठून पळाले. चपला टेबलाखाली राहिल्या. मी बाहेर येऊन पाहिलं तर ते अनवाणी फाटकापाशी पोचलेले. एक पिकअप उभी होती. ड्रायव्हरशेजारून पांढऱ्या मिशांचे एक आजोबा सावकाश उतरत होते. खंडूभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या कोथिंबिरीच्या जुड्या स्वतः उतरवल्या, त्यांना चहा पाजला आणि परत आले. कोण होतं विचारलं तर म्हणाले, "पावणं व्हतं. धुळाजी म्हणून." पुढचं शिकवणं त्या दिवशी झालं नाही.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती पावटा सोलत होती. तिचे हात थांबले.

"अजून वाट बघतोय व्हय तो धुळाची," ती म्हणाली.

धुळा हा खंडूभाऊंचा थोरला भाऊ. त्यांच्या मेंढ्या पूर्वी आमच्या वावरात बसत. पीक निघालं की खतासाठी दोन-तीन रात्री कळप रानात बसवायची पद्धत होती, आणि धुळा कळपाबरोबर यायचा. धाकटा शिकावा म्हणून त्यानं शाळा सोडून काठी धरली होती. खंडू कॉलेजात गेला, तेव्हा त्यानं भावासाठी एक छोटं पान बनवलं. फोनवरून धुळानं नाव टाकून आत शिरायचं आणि आज मुक्काम कुठं ते एका शब्दात लिहायचं. धुळाला लिहिता जेमतेम येत होतं, पण आपलं नाव त्यानं स्वतः ठरवलं. धुळा, आणि पुढं दोन टिंबं. त्यांच्या मेंढ्यांच्या पाठीवर लाल रंगाची दोन टिंबं असत, तीच ही. रोज संध्याकाळी हॉस्टेलवर एक शब्द येऊन पडे. आळे. बेल्हे. ओतूर. कळप कोकणात उतरायला लागला की माळशेज. खंडू तो शब्द खोलीतल्या पोरांना वाचून दाखवायचा.

मग खंडू नियम शिकला. नवीन विद्या हातात आली की माणूस ती पहिल्यांदा घरच्यांवर चालवतो. त्यानं त्या पानाला नियम लावला. सुरुवातीला अक्षर, चार ते सोळा, टिंब चालणार नाही. भावाच्या नावात दोन टिंबं आहेत हे त्या आनंदात त्याच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवसापासून शब्द येणं थांबलं. खंडूला वाटलं, घाटाखाली रेंज नसेल. तिकडं धुळा रोज नाव टाकत होता, आणि लाल अक्षरं काय म्हणतात ते वाटेवरच्या लोकांकडून वाचून घेत होता.

पावसाळ्याआधी कळप वर आला. धुळानं काठी बापाच्या हातात दिली. खंडू सुट्टीला घरी आलेला होता. "तुझ्या यंत्रात आमचं नाव चालत नाय म्हनं," एवढं धुळा त्याला म्हणाला आणि निघून गेला. फोन नंबर बंद झाला. नंतर कुणी सांगितलं, आळेफाट्याला पिकअप चालवताना दिसला. कुणी म्हणालं, नाशिककडं असतो. शिकून झाल्यावर लागलेली पुण्याची नोकरी खंडूनं सोडली आणि जिथं रोज पिकअपा येतात त्या शेडमध्ये येऊन बसला. दहा वर्षं झाली. कधीतरी धुळा माल घेऊन येईल, नंबर लावायला नाव टाकेल, आणि टाकेल ते तेच जुनं नाव टाकेल, या एका आशेवर.

हे ऐकल्यावर मला माझं पत्रक फाटकावरून काढावंसं वाटलं. पण पत्रक एकदा चिकटवलं की ते आपलं राहत नाही. चार बायकांनी त्यावर सह्या केल्या होत्या, आणि गटाचे अध्यक्ष अण्णा यांनी बैठक बोलावली होती.

अण्णा कटकट आवडत नसलेले गृहस्थ. त्यांनी पत्रक वर धरून दाखवलं आणि सांगितलं की बायाबापड्यांचं म्हणणं रास्त आहे, तेव्हा नाव हा प्रकारच काढून टाकू. पुण्याची एक कंपनी नवीन ॲप करून देते. मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी आला की झालं. चार अक्षरं नकोत, सोळा नकोत. टाळ्या पडल्या. माझं अभिनंदन झालं. एका बाईनं माझा हात हातात घेऊन दाबला.

खंडूभाऊ मागच्या रांगेत बसले होते. मी वळून पाहिलं. त्यांचा अंगठा पेरांवरून सरकत होता. "दहा," सुरुवात आकड्यानं होते हे विसरून ते पुटपुटले. "बसतंय."

धुळाचा आताचा नंबर कुणालाच माहीत नव्हता. उद्या तो याच फाटकातून आत आला असता, दहा आकडे टाकून माल उतरवून गेला असता, आणि खिळ्याची घंटा खिळ्याला राहिली असती. लोकांची नावं आहेत तशी स्वीकारा, या मागणीसाठी मी लढले, आणि सगळ्यांचे नंबर करून बसले.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये गेले तर खंडूभाऊ पडद्यावर नियम उघडून बसले होते. सोमवारी कंपनीची माणसं येणार होती. त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली. अख्खा नियम मी पहिल्यांदाच टोपीपासून वाचत गेले. कंस, चार, सोळा, सगळं ओळखीचं. मग एक उभी रेघ, म्हणजे 'किंवा'. तिच्यापुढं धुळा हे नाव, त्यापुढं दोन टिंबं, मग डॉलर. या दुसऱ्या भागात बसणारं नाव आलं की टेबलावरचा फोन वाजत होता.

आणि मला चूक दिसली. शिकाऊ माणसाला गुरूची चूक सापडली की जो आनंद होतो, तो लपवता येत नाही. "भाऊ, तिरकी रेघ राहिली," मी म्हणाले. "टिंबांच्या आधी. हे असं ठेवलं तर धुळापुढं कुठलीही दोन अक्षरं चालतील. म्हणून तर ते धुळाजी आजोबा आले आणि घंटा वाजली."

खंडूभाऊंनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"राह्यली नाय," ते म्हणाले.

बाहेर क्रेट आपटल्याचे आवाज येत होते. त्यांनी केबिनचं दार लोटून घेतलं.

"इतकी वरसं झाली ताई. टिंबं व्हती का आकडं व्हतं, त्याच्या ध्यानात असंल का? कायबी दोन टाकू दे." मग खिळ्याच्या घंटेकडे बघत म्हणाले, "आमचं म्हातारं, येखादी मेंढी मागं राह्यली तर वाघुरीचा येक कोपरा बांधायचं नाय. ती कुठल्या अंगानं यील, काय सांगावं."

एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, हे चालू देणार नाही, असं मी आजवर किती पत्रकांत लिहिलं असेल, मोजलेलं नाही. तिथं त्या खुर्चीत मला त्यातलं एकही वाक्य आठवेना.

रविवारी मी अण्णांना पुन्हा बैठक घ्यायला लावली. उभी राहून सांगितलं की माझी मागणी नाव काढण्याची नव्हती, नंबर म्हणजे माणूस नव्हे, नाव राहिलं पाहिजे. अण्णांनी खिशातून माझं पत्रक काढलं. "ताई, ह्ये तुमचंच हाय ना?" सभा हसली. तेवढ्यात माझ्यामागं आई उठली. आई सभेत कधी बोलत नाही.

"अण्णा, आमच्या घरात फोन येकच," ती म्हणाली. "त्यो हिच्या बापाच्या नावावर. नंबर टाकला की तुमचं ॲप मला तेंच्या नावानं वळखणार. टमाटं मी करते. माझ्या नावानं नंबर लागू दे. साकोरी जोडून लागला तरी चालंल."

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. किती घरांत फोन एकच होता, ते त्या कुजबुजीवरून कळत होतं. अण्णांना कटकट आवडत नाही, हे मी सांगितलंच. त्यांनी जाहीर केलं की ओटीपीला नंबर राहील आणि ओळखीला नावही राहील. नावाचा नियम खंडूच लिहील.

दोन दिवसांनी खंडूभाऊ आमच्या दारात आले. आत आले नाहीत. आई चुलीपाशी होती, तिला उंबऱ्यातून हाक मारली. "उमामावशी, चाराचं दोन केलं. तुमी नुसतं उमा टाका. बसतंय." आई बरं म्हणाली आणि त्यांना बसून चहा घ्यायला लावला. पहिल्यांदाच मी त्यांना काही न मोजता चहा पिताना पाहिलं.

नवीन ॲप सुरू झालं त्या दिवशी दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. नियम बदलला की तपासून घ्यायचा, ही त्यांची शिस्त. माझ्या फोनवर त्यांनी ॲप उघडून दिलं. "नाव टाका. त्येच. शेवटाला कायबी दोन."

ते माझ्या बोटांकडे बघत होते. मी धुळा लिहिलं आणि पुढं सात आणि नऊ टाकलं.

टेबलावर घंटा वाजली.

ती मी वाजवली होती, त्यांच्या सांगण्यावरून, त्यांच्या डोळ्यांदेखत. मी मान वर केली तेव्हा खुर्ची रिकामी होती. खंडूभाऊ केबिनच्या दारात उभे होते. फाटकातून पिकअपा एकामागून एक आत येत होत्या आणि ते प्रत्येक ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत होते. शेवटची गाडी आत येईपर्यंत मी नाव पुसलं नाही. त्यांच्या चपला टेबलाखालीच होत्या.